तोतुयानं न घेतलेलं नाव

आमच्या तालुक्याच्या छापखान्यात तोतुया बत्तीस वर्षं कामाला आहे. आधी शिशाचे खिळे जुळवायची, आता कॉम्प्युटरवर टाइप करते. लग्नाच्या पत्रिका, मेंढ्यांना लस टोचायच्या नोटिसा, कोण गेलं त्याची काळी चौकट, सगळं तिच्या बोटांखालून जातं. हात असा चालतो की बघत राहावं. शिवाय घाणेरड्यात घाणेरडं अक्षर तिला लागतं, त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठ्यासुद्धा लोक तिच्याकडेच आणतात. पण बाईचा एक हेकटपणा आहे आणि त्यावरून आम्ही सगळ्यांनी तिची टर उडवलेली आहे. सासरच्या कुठल्याही वडीलधाऱ्याचं नाव ती घेत नाही.

आता आमच्या किर्गिझ घरांत ही रीत जुनीच आहे, त्यात नवल नाही. पण हल्लीच्या सुना मोबाइलमध्ये सासऱ्याचा नंबर नावासकट ठेवतात, आणि हाकही मारतील उद्या. तोतुया त्यातली नाही. तिच्या सासऱ्याचं नाव जुमाकादिर. मी घेतो, माझं काय जातंय, मी काही त्या घरची सून नाही. शुक्रवाराला आम्ही जुमा म्हणतो. सासऱ्याच्या नावात जुमा आलं म्हणून या बयेनं बत्तीस वर्षांत शुक्रवारसुद्धा तोंडातून काढला नाही. ‘गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी’ म्हणते. आमचं साप्ताहिक नेमकं शुक्रवारी निघतं. पहिल्या पानावर वार टाकायची वेळ आली की ती खुर्चीवरून उठायची आणि मशीनवाल्याला म्हणायची, “तेवढा एक शब्द मारा हो.” मशीनवाला मुद्दाम विचारायचा, कुठला शब्द? मग ही लाल व्हायची आणि आम्ही हसायचो.

नवरा अकरा वर्षांपूर्वी ट्रक उलटून गेला. मुलगा राजधानीत नोकरीला, त्यानं आईला किती वेळा बोलावलं. पण ही म्हातारा सासरा टाकून जाईना. ही गोष्ट घडली त्या हिवाळ्यात जुमाकादिर शहाऐंशीचा. मोठ्या लढाईत बर्लिनपर्यंत जाऊन आलेला माणूस, कोटाच्या डाव्या बाजूला पदकांची रांग. डोळ्यांत पडदा आला होता, उजेड तेवढा कळायचा. तरी तो बाजारात आला की बाकावरचे लोक उठून उभे राहायचे, मीही राहायचो. तोतुया त्याला ‘अताके’ म्हणायची, म्हणजे बाबा. पहिली वाटी चहा त्याची, भाकरीचा मऊ भाग त्याचा. माहेरचा बाप लहानपणीच गेल्यामुळे असेल, तिचा जीव म्हाताऱ्यात होता, आणि म्हाताऱ्याचा तिच्यात.

तर त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला बैदिल्दा अगाय छापखान्यात आले. अगाय म्हणजे मास्तर. आमच्या अर्ध्या तालुक्याला भूगोल त्यांनीच शिकवला. छातीशी नऊ जाड वह्या धरल्या होत्या आणि जिना चढून आल्यानं इतकी धाप लागली होती की पाच मिनिटं बोलताच येईना. फुप्फुसं गेली होती. शहरातल्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं, वसंतात मेंढ्या वरच्या कुरणात जातील तेव्हा तुम्ही नसाल. अगाय तोतुयाला म्हणाले की एकोणीस वर्षं लिहितोय, आता छापून हातात घेतो आणि मगच जातो. ते अक्षर दुसऱ्या कुणाला लागलंच नसतं. तोतुयानं वह्या घेतल्या आणि शब्द दिला, लिहिलंय तसं टाइप करून देईन.

आम्हाला वाटलं होतं नद्या-डोंगरांचं काही असेल. निघाली ही भली थोरली लढाईची कादंबरी! नऊ कुळं, प्रत्येकाचा झेंडा वेगळा, आणि आपापसांत हाडवैर. एका मेजवानीत पाहुण्याला मेंढीचं मानाचं मुंडकं न देता फऱ्याचा तुकडा वाढला, एवढ्यावरून दोन कुळं चाळीस वर्षं एकमेकांचे गळे कापतात. हे वाचून कुणी हसला नाही, कारण असं आमच्याकडे होऊ शकतं. हिमनदीच्या पलीकडून येतात दगडी लोक, त्यांच्यावर घाव घातला की ठणठण वाजतं. शिवाय तांब्याच्या चोचीच्या बाया, अस्वलावर बसणारे केसाळ बुटके. आणि या सगळ्यांच्या तोंडावर एक लाल खिंडीचा किल्ला, त्याच्या दरवाजाचा एक कप्तान. शूर, दिलदार, शब्दाला जागणारा. त्याचं नाव अगायनी ठेवलं होतं जुमाकादिर.

चौथ्या पानावर ते नाव आलं आणि तोतुयाची बोटं थांबली. सासऱ्याचं नाव जिभेवर घ्यायचं नाही तर बोटावर तरी कसं घ्यायचं? मशीनवाल्याला एक शब्द मार म्हणता येतं, हजार वेळा नाही. पण तिला बरंही वाटलं. शूर माणसाला अगायनी आपल्या म्हाताऱ्याचं नाव दिलं, हा मानच झाला की. मग तिनं त्या जागी ‘शातमान’ टाइप केलं. आसपासच्या सात गावांत शातमान नावाचा एकही माणूस नव्हता, कुणाला झोंबायचा प्रश्न नव्हता. छपाईच्या आधी अगायना सांगू, म्हणाली. आणि सांगितलं नाही. इथेच बाई चुकली.

दुपारी घरी जेवायला गेली की ती टाइप केलेली पानं म्हाताऱ्याला वाचून दाखवायची. डोळे गेल्यापासून त्याला दिवस खायला उठायचा. आता तो सकाळपासून कान लावून बसायला लागला. शातमान त्याचा लाडका झाला. शातमाननं अस्वलवाल्यांना पिटाळलं की म्हातारा मांडीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, हा आपल्यातला आहे. दगडी लोकांना तो अशा शिव्या द्यायचा की तोतुया ओढणीत तोंड लपवून हसायची. आठ वह्या अशा सुखात गेल्या.

नववी वही तिनं छापखान्यात उघडली. तिथं काय होतं ते मी तुम्हाला सांगतो.

हिमवादळ सुटलेलं आहे. एका धाकट्या कुळाचा मेंढपाळांचा नाईक आपली माणसं आणि मेंढरं घेऊन किल्ल्याकडे येतो, मागे दगडी लोक लागलेले. या नाईकाला अगायनी नावच दिलेलं नाही. तो चाबकाच्या मुठीनं दरवाजा ठोकतो. आत राजाचे घोडे आहेत, बाहेरच्या कळपाला रोग आहे, आणि कप्तान अडसरावर हात ठेवून नुसता बसून राहतो. तिसऱ्या ठोक्याला मूठ तुटते. कप्तान उठत नाही. बाहेर सगळे बर्फात मरतात, आणि किल्ला राखला म्हणून कप्तानाला मानाचा झेंडा मिळतो. कादंबरी संपली.

तोतुयानं ते तीनदा वाचलं. आठ वह्या ज्याला डोक्यावर घेतला त्याला शेवटी असा चिखलात लोळवायचा? आणि नाव कुणाचं, तर सणाला ज्यांच्या घरी अगाय चहा प्यायले त्या म्हाताऱ्याचं! देवाची कृपा की मी नाव बदललं, असं तिला वाटलं. ‘शातमान’ तसाच ठेवून तिनं शेवटचं पान टाइप केलं आणि प्रुफं अगायच्या घरी पाठवून दिली. म्हाताऱ्याला मात्र नववी वही वाचून दाखवली नाही. अजून टाइप व्हायची आहे, म्हणून थापा मारत राहिली.

चौथ्या दिवशी अगायचं बोलावणं आलं. ते गाद्यांना टेकून बसले होते, प्रुफं पांघरुणावर पसरलेली. बायको चहा ओतत होती.

“हा शातमान कोण?” त्यांनी विचारलं.

तिनं खरं ते सांगितलं. अगाय ओरडले असते तर बरं झालं असतं, पण माणूस नुसता पांढरा पडला. म्हणाले, “तोतुया, त्या एका नावासाठी मी नऊ वह्या लिहिल्या.”

तिलाही मग राहवलं नाही. ती म्हणाली की अगाय, तुम्ही आमच्या घरचं मीठ खाल्लंय, म्हाताऱ्याच्या तोंडाला काळं फासून या वयात काय मिळवणार? तेव्हा अगायनी जे सांगितलं ते त्यांनी तोवर बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

पन्नास सालचा हिवाळा. अगाय आठ वर्षांचे. त्यांचा बाप सारिक सामुदायिक शेतीची मेंढरं राखायचा, आणि लढाईवरून आलेला जुमाकादिर तिथला मुकादम. गावातल्या प्रत्येक पोरासारखा अगायचाही तो देव होता. वादळ सुटलं आणि सारिक कळपासकट गोठून मेला. मेंढवाड्यापासून थोड्याच अंतरावर एका खळग्यात सापडला, हातात चाबूक, चाबकाची मूठ तुटलेली. मुकादमानं कागद लिहिला की मेंढपाळ दारू प्यालेला होता, कळप टाकून निघाला, वाट चुकला, मेंढवाड्याकडे आलाच नाही. खाली सही केली. त्या दिवसापासून अगाय म्हणजे कळपबुडव्याचा पोर. शाळेत, बाजारात, अगदी लग्नाच्या बोलणीतसुद्धा.

“मग दरवाजाचं?” तोतुयानं विचारलं.

“दरवाजाचं मी रचलंय,” अगाय म्हणाले. “मला काय माहीत? मूठ दगडावर आपटूनही तुटली असेल. कदाचित खरंच प्यालेला असेल, कदाचित खरंच कळप टाकून चालला असेल. अठ्ठावन्न वर्षं मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करतोय. एकदा लिहून टाकलं की एकच बाजू राहील, म्हणून लिहिलं.”

आणि त्यांनी तिला सोमवारपर्यंत मुदत दिली. नाव होतं तसं घाल, नाहीतर वह्या परत दे. वह्या परत म्हणजे पुस्तक गेलं, हे दोघांनाही माहीत होतं. त्यांच्याकडे दुसरं कुणी शोधायला दिवस उरले नव्हते.

तोतुया घरी आली ती सुन्न होऊन. शब्द दिला होता, ‘लिहिलंय तसं’. पण लिहिलंय ते खोटं निघालं तर? ज्याच्या ताटात बत्तीस वर्षं वाढलं त्या माणसावर रचलेल्या गोष्टीचा डाग तिनं आपल्या हातानं लावायचा? आणि खरं असलं तर? हा दुसरा विचार ती करतच नव्हती. म्हाताऱ्याकडे बघायची आणि तो विचार परत फिरायचा. दोन दिवस तिनं धड काही खाल्लं नाही. म्हाताऱ्याला वाटलं दात दुखतोय.

रविवारी दुपारी म्हातारा हट्टाला पेटला. शातमानचं पुढं काय झालं ते ऐकल्याशिवाय मी मेलो तर तुझ्या मानगुटीवर बसेन, म्हणाला. ती म्हणाली वाचते. मला तिनं नंतर सांगितलं की दरवाजाचा भाग गाळायचा असं तिनं ठरवलं होतं, कप्तान जिंकला म्हणून काहीतरी जुळवून सांगायचं. पण कागद पुढे धरला आणि जीभ फिरली नाही. आयुष्यभर लिहिलेलं तसं टाइप करणारी बाई ती, जुळवणार कुठून. जे होतं ते वाचत गेली.

वादळ आलं, नाईक आला, तरी म्हाताऱ्याची मांडीवर थाप नाही, शिवी नाही. तिला वाटलं झोपला.

“तिसऱ्या ठोक्याला मूठ तुटली,” तिनं वाचलं.

“तीन नाही,” म्हातारा म्हणाला.

तिनं मान वर केली.

“चूक लिहिलंय. तीन नाही. दुपार टळेपर्यंत ठोकत होता.”

तोतुयाला आधी अर्थच लागला नाही. गोष्टीतली चूक सांगतायत असं वाटलं. मग लागला. चुलीवर किटली उकळून उतू जात होती, ती तिला दिसत होती आणि उठता येत नव्हतं. म्हातारा खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बोलत राहिला, बाजारभाव सांगावा तशा आवाजात. मुठीवरचं चामडं आधी निघालं असणार, म्हणाला, कारण आवाज मध्येच बदलला. मग नुसत्या हातानं मारत होता. आत परदेशी जातिवंत एडके होते, सारिकच्या कळपाला खरूज. एक एडका मेला तर दहा वर्षं तुरुंग, असा तो जमाना.

“बर्लिनमध्ये भ्यालो नव्हतो,” म्हातारा म्हणाला. “वाटलं, कंटाळून दुसऱ्या वाड्याकडे जाईल. मग आवाज थांबला. मी म्हटलं, गेला.”

हा तोच माणूस होता ज्यानं ती बाळंत झाली तेव्हा बर्फातून सहा कोस घोडा दामटून सुईण आणली होती. ती त्याच्या हातांकडे बघत होती. गुडघ्यावर ठेवलेले ते हात थरथरत नव्हते, आणि त्याचाच तिला सगळ्यांत जास्त धक्का बसला.

मग त्यानं विचारलं, “कप्तानाचं नाव शातमान नाही ना, पोरी?”

तिनं हातातला कागद मांडीवर उपडा ठेवला.

“मास्तरनं काय लिहिलंय? वाच.”

“अताके, मला ते...”

“मी सांगतोय. नाव घे.”

आणि तिनं घेतलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, त्याच्याच समोर बसून, अख्खं नाव. “जुमाकादिर,” ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

म्हातारा खाकरला आणि लढाईतल्या हजेरीला देतात तसं उत्तर दिलं, “हजर.” मग म्हणाला, “तेच ठेव. आणि तीन खोडून टाक. खोटं एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं.”

तोतुया उठली. किटली उतरवली, त्याच्यापुढे चहाची वाटी ठेवली, कारण ती ठेवली नाही असा एकही दिवस गेला नव्हता. तिचा हात मात्र त्याच्या हाताला लागू नये अशा बेतानं तिनं वाटी ठेवली, हे तिनंच मला सांगितलं आणि सांगताना रडली. मग घरातल्या चपला तशाच पायांत ठेवून ती बर्फातून अगायच्या घरी निघाली. आम्ही चार जण दुकानापाशी उभे होतो. कुठे चाललीस विचारलं, तर आमच्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

अगाय झोपले होते. बायको नको म्हणत असताना तिनं त्यांना उठवलं.

“अगाय, जुमाकादिरनी सांगितलंय,” ती म्हणाली, “नाव तेच ठेवायचं. पण तीन ठोके चूक आहेत. दुपार टळेपर्यंत ठोकत होता म्हणे.”

सोमवारची मुदत, पुस्तक, नाव, यांतलं अगायनी काहीच विचारलं नाही. ओठ हलले, पण धापेमुळे शब्द लवकर फुटेना. बायकोनं पाठीला हात लावून त्यांना बसतं केलं. सहासष्ट वर्षांचा तो माणूस तिच्या दंडाला धरून एवढंच म्हणाला.

“ऐकलंस? बाबा पोचला होता.”